जुने यंत्र, नवा धनी

जनावरांच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी कधी घाईत नसतो. तो आधी दात पाहतो, खुरे पाहतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून चाल पाहतो. आणि एवढ्यानेही मनाची खात्री झाली नाही, तर जोताला जुंपून पाहिल्यावाचून कमरेची पिशवी सोडत नाही. ‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ असा व्यवहार करणाऱ्याला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु त्याच शेतकऱ्याचा नातू कारखानदार होतो, कोटीच्या गोष्टी बोलू लागतो, परदेशातले जुने यंत्र विकत घ्यायला निघतो, आणि पुष्कळदा चार छायाचित्रे व एक चित्रफीत पाहून इसाराची रक्कम धाडून मोकळा होतो! आजोबांचे शहाणपण नातवाने नेमके अशा वेळी विसरावे, हे नवल खरे.

बेळगावच्या उद्यमबागेतील एखादा मध्यम कारखाना डोळ्यांपुढे आणावा. मालकाने वीस वर्षे गावातल्याच ओतशाळांतून येणारे ओतीव भाग कातून, भोके पाडून, हायड्रॉलिकच्या व्हाल्व्हचे ठोकळे तयार करून दिले. यंत्रे साधी, तीन अक्षांची. कामगार बावीस. जॉब एका बाजूने झाला की सोडायचा, उलटायचा, पुन्हा बांधायचा; पाच बाजूंना पाच वेळा बांधणी आणि प्रत्येक बांधणीबरोबर थोडीशी नवी चूक. आता हत्तरगीच्या बाजूला विमानांचे सुटे भाग घडवणारे कारखाने उभे राहिले आहेत. त्या कामाचे नकाशे पाहिले, की जुन्या पद्धतीने ते निभणार नाही हे मालकाला कळून चुकते. त्याला हवे असते पाच अक्षांचे, स्वयंचलित यंत्र. कारखान्यातल्या बोलीत ‘फाइव्ह-ॲक्सिस मशीन’. नव्याची किंमत ऐकून छाती दडपते. जुने मात्र निम्म्यात मिळत असते. बँक तयार असते. पण शेडबरोबर राहते घरही गहाण मागते. वरवर पाहता प्रश्न एका यंत्राचा असतो. पणाला मात्र बावीस घरांच्या चुली लागलेल्या असतात.

या यंत्रात एवढे विशेष काय? साध्या मिलिंग मशीनचे हत्यार डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली असे तीन सरळ रेषांत फिरते. पाच अक्षांच्या यंत्रात त्यांवर आणखी दोन गोल फिरणाऱ्या हालचाली चढतात. काहींत जॉब ठेवण्याचे टेबलच पाळण्यासारखे कलते आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरते; काहींत हत्याराचे डोके मान वळवते. त्यामुळे जॉब एकदाच बांधून पाच बाजू उरकता येतात, आणि जेट एंजिनातल्या पात्यांसारखे वळणदार पृष्ठभागही कापता येतात. यंत्र स्वयंचलित असले, तर त्याच्या शेजारी पॅलेटांची रांग असते. एक जॉब संपला की यंत्र स्वतःच त्याचे पॅलेट बाहेर ढकलते व दुसरे आत घेते, बोथट झालेले हत्यार बदलते, मोजणीच्या काटीने जॉब कुठे बसला आहे हे चाचपते आणि पुन्हा कामाला लागते. संध्याकाळी कामगार घरी गेले, तरी यंत्राचे काम चालू राहते. मालकाचे सारे गणित या रात्रीच्या पाळीवर बसवलेले असते.

लोखंडाला आकड्यांनी चालवण्याची ही विद्या फार जुनी नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पंख्यांची पाती तयार करण्याच्या कामात होते. पात्याच्या वळणावरील बिंदू गणिताने काढून त्या आकड्यांबरहुकूम हत्यार नेता येईल, ही कल्पना त्यांनी मांडली. पुढे अमेरिकन हवाई दलाच्या पैशाने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत ती प्रत्यक्षात आली, आणि १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून चालणारे तीन अक्षांचे मिलिंग मशीन लोकांना दाखवण्यात आले. तेव्हापासून अशा प्रत्येक यंत्रात दोन वस्तू एकत्र नांदतात : एक लोखंडाचा देह आणि दुसरी त्याला हुकूम सोडणारी बुद्धी. देह झिजतो, तो डोळ्यांना वा मापाला दिसतो. बुद्धी झिजत नाही. पण ती अपुरी असू शकते, कुलूपबंद असू शकते, किंवा विस्मरणाने कोरी झालेली असू शकते. जुने यंत्र घेणाऱ्याला या दोहोंची परीक्षा करावी लागते.

देहापासून आरंभ करावा. पहिला प्रश्न वयाचा नसून पूर्वायुष्याचा असतो. यंत्राने आजवर काय कापले? ॲल्युमिनियम कापलेले यंत्र आणि ग्रॅफाइट कापलेले यंत्र एकाच वर्षी जन्मलेले असले तरी एका वयाचे नव्हेत. ग्रॅफाइटची काळी भुकटी सरकपट्ट्यांत आणि स्क्रूंत शिरून घासकागदासारखी काम करते. ओतीव लोखंडाचा बारीक कीसही त्याच जातीचा. नियंत्रकाच्या पडद्यावर यंत्र किती तास चालू होते व किती तास कापत होते, याचे आकडे दिसतात. पण त्यांतले काही आकडे जाणत्या माणसाला बदलता येतात. म्हणून दुरुस्तीच्या नोंदी, आधी होऊन गेलेल्या बिघाडांची यादी आणि यंत्र रोज चालवणारा कामगार या तिन्हींची साक्ष एकमेकींशी ताडून पाहावी. विक्रेत्यापेक्षा त्या कामगाराशी चहा घेतलेला बरा.

मालकाने अशा वेळी सल्लागाराबरोबर आपल्या कारखान्यातला जुना फिटरही न्यावा. झळाळत्या रंगाचे यंत्र पाहून मालक खुलतो आणि विचारतो, “काय मामा, कसे वाटते?” मामा झाकणाखाली वाकून पाहतात आणि म्हणतात, “मालक, रंग नवा आहे. पण बोल्टांची डोकी खाल्लेली आहेत. हे डोके कोणीतरी दोन-तीनदा खोललेले दिसते. का खोलले, ते आधी विचारा.” अशा एका वाक्याने प्रवासखर्च वसूल होतो.

यंत्राचा प्राण म्हणजे स्पिंडल. ते थंड असताना एकदा आणि तासभर पूर्ण वेगाने फिरवल्यावर पुन्हा, असे दोनदा तपासावे. आवाज, कंप आणि उष्णता या तिन्हींची नोंद घ्यावी. सरळ घासलेली चाचणीची दांडी त्यात बसवून, तोंडापासून तीनशे मिलिमीटर खाली डायल लावून ती किती थरथरते ते पाहावे. हत्यार ओढून धरणाऱ्या पकडीचा जोर मापकाने मोजावा. ‘एचएसके-ए ६३’ या जातीच्या पकडीत तो सुमारे अठरा किलोन्यूटन, म्हणजे अठराशे किलोग्रॅम वजनाच्या ओढीइतका असावा लागतो. आतल्या स्प्रिंगा थकल्या की हा जोर घटतो. मग हत्यार कापताना सूक्ष्मपणे हलते, भोकाची भिंत खरबरीत निघते आणि दोष बिचाऱ्या हत्याराला दिला जातो.

यानंतर त्या दोन गोल अक्षांची परीक्षा. जुने यंत्र फसवते ते बहुधा याच ठिकाणी. सरळ अक्षावरची चूक जेवढ्यास तेवढी राहते. गोल अक्षावरची चूक अंतराबरोबर वाढत जाते. टेबल अवघे दहा विकला चुकले, तर मध्यापासून अडीचशे मिलिमीटरवर ती चूक बारा मायक्रॉन होते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, असे म्हणून कोणी ती हसण्यावारी नेईल. परंतु ज्या नकाशावर एकूण सवलतच वीस मायक्रॉनची लिहिलेली आहे, तिथे निम्म्याहून अधिक सवलत काम सुरू होण्याआधीच खर्ची पडली! टेबल वर्म गिअरवर फिरणारे असेल, तर ते नेहमीच्या वापरातल्या कोनांवर, शून्य आणि नव्वद अंशांवर, अधिक झिजलेले असते. म्हणून दातांमधली ढिलाई एकाच जागी मोजून भागत नाही, पुष्कळ कोनांवर मोजावी लागते. ज्यात टेबल थेट विद्युत्-मोटरवर फिरते, त्यात ही ढिलाई नसते. पण त्या मोटरचे थंडाव्याचे पाणी, धरून ठेवणारा ब्रेक आणि कोन वाचणारी पट्टी यांची तपासणी जास्त कसोशीने करावी, कारण त्यांची दुरुस्ती स्वस्तात होत नाही.

या साऱ्याचा एका बैठकीत निवाडा करणारी एक सुरेख परीक्षा आहे. टेबलावर, मध्यापासून दूर, एक अचूक गोळा बसवतात. नियंत्रकाला सांगतात, की दोन्ही गोल अक्ष फिरव, परंतु हत्याराचे टोक गोळ्याच्या मध्यावरून ढळू देऊ नकोस. मग टेबल कलते, फिरते, तिन्ही सरळ अक्ष त्याच्या मागोमाग धावतात, आणि गोळ्याला लावलेल्या डायलचा काटा काय करतो याकडे सर्वांचे डोळे लागतात. यंत्र निरोगी असेल, तर पाचही अक्ष हालत असताना काटा जवळजवळ स्थिर राहतो. तो जेवढा हालेल, तेवढी पाचांच्या मेळातली चूक. ही परीक्षा सकाळी एकदा आणि यंत्र चार तास चालून तापल्यावर पुन्हा घ्यावी. एक मीटर ओतीव लोखंड एका अंश सेल्सिअसने तापले, की सुमारे अकरा मायक्रॉन वाढते. सकाळचे खरे यंत्र दुपारी खोटे बोलू लागते ते यामुळे.

शेवटी यंत्राला जोताला जुंपून पाहायचे. तिरका ठेवलेला शंकू कापण्याची अमेरिकन मानकातली चाचणी १९६९ पासून विमान-उद्योगात मान्य आहे. आंतरराष्ट्रीय मानकाने २०२० साली ‘एस’ अक्षरासारख्या वळणाचा नमुनाही त्या कामी स्वीकारला. यांपैकी एक नमुना कापून घ्यावाच. पण त्याहून मोलाचा नमुना म्हणजे मालकाने आपल्याबरोबर नेलेला, पुढे ज्यावर पोट भरायचे आहे तो जॉब. तो तिथेच कापून घ्यावा आणि विक्रेत्याच्या नव्हे, त्रयस्थाच्या मापनकक्षात मोजून घ्यावा.

आता स्वयंचलनाकडे वळू. एक जॉब उत्तम कापणारे यंत्र रात्रीच्या पाळीला लायक असतेच असे नाही. मालक शेजारी उभा असतो तोवर यंत्राची खोड लपते. कोणी तरी हात लावते, कीस झटकते, बटण दाबते. रात्री हे हात नसतात. एखादे पॅलेट बसताना त्याखाली कीसाचा एकच कण राहिला, तर जॉब तिरका बसतो; आणि यंत्र आज्ञाधारक असल्यामुळे तो तिरका जॉब तितक्याच निष्ठेने कापते. चुकीला विश्रांती नसते. सकाळी दार उघडावे तो बारा पॅलेटांवर बारा जॉब भंगारात जायला तयार असतात. म्हणून प्रत्येक पॅलेट दहा वेळा आत-बाहेर करवून ते पुन्हा त्याच जागी बसते का, हे मोजावे. हत्यार मोडल्याचे यंत्राला कळते का, हे मोडके हत्यार मुद्दाम लावून पाहावे. कूलंटची गाळणी, कीस वाहून नेणारा पट्टा, पॅलेटची बैठक फुंकून साफ करणारी हवा, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर रात्र निभते. आणि शक्य असेल तर विक्रेत्याला स्पष्ट सांगावे : एक रात्र यंत्र एकटे चालू द्या, सकाळी येऊन पाहतो. यावर विक्रेत्याच्या मुद्रेवर जो भाव उमटेल, तोही एक अहवालच समजावा.

देहाची परीक्षा झाली, आता बुद्धीची. पाच अक्ष आहेत म्हणजे पाचही एका वेळी हालतात, असे समजू नये. काही यंत्रे दोन गोल अक्ष हव्या त्या कोनात नेऊन घट्ट धरतात आणि मग उरलेल्या तिन्हींनी कापतात. बेळगावकडच्या पुष्कळ कामांना एवढे पुरते. पाचही अक्ष एकत्र चालवण्याची शक्ती ही नियंत्रकातली वेगळी, पैसे देऊन उघडलेली सोय असते. जाहिरातीत दोन्हींना नाव एकच. खरेदीपूर्वी नियंत्रकाच्या पडद्यावर उघडलेल्या सोयींची यादी पाहून घ्यावी. बंद असलेली सोय मागाहून उघडायची तर निर्मात्याची पायरी चढावी लागते. दुसरी गोष्ट स्मरणशक्तीची. कित्येक नियंत्रकांत यंत्राची मूळ मापे आणि अक्षांची आरंभस्थाने लहानशा बॅटरीच्या आधारावर जपलेली असतात. यंत्र गोदामात वर्ष-दोन वर्षे वीज तोडून पडले आणि बॅटरी संपली, की ते सारे विसरते. काही शे रुपयांच्या बॅटरीपायी कोटीचे यंत्र मुके होते! म्हणून या नोंदींची प्रत हाती आल्याखेरीज यंत्राची वीज तोडू देऊ नये.

येथे एक जुनी कथा आठवणे उचित होईल. १९८० नंतरच्या काही वर्षांत जपानच्या तोशिबा मशीन या कंपनीने नऊ अक्षांची, जहाजांचे पंखे कापणारी मोठी मिलिंग यंत्रे सोव्हिएट रशियाला विकली. त्यांचे नियंत्रक नॉर्वेच्या काँग्सबर्ग कंपनीचे होते. पाश्चात्य राष्ट्रांनी आपसांत ठरवलेल्या निर्बंधांचा हा भंग होता. १९८७ साली हे प्रकरण उघड झाले, तेव्हा अशा यंत्रांमुळे सोव्हिएट पाणबुड्यांचे पंखे शांत झाले असा आरोप होऊन अमेरिकेत वादळ उठले. काँग्रेसच्या काही सभासदांनी तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला, आणि तोशिबाच्या अध्यक्षांना व सभापतींना पद सोडावे लागले. ते निर्बंध १९९४ साली संपले. १९९६ साली त्यांच्या जागी वासेनार व्यवस्था आली आणि भारत तिचा सभासद डिसेंबर २०१७ मध्ये झाला.

उद्यमबागेतल्या मालकाला या राजकारणाशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. पाच अक्ष एकत्र चालवणारी अचूक यंत्रे अजूनही निर्यात-नियंत्रणाच्या यादीत आहेत, मग ती नवी असोत की जुनी. म्हणून काही निर्माते आपल्या यंत्रात एक पहारेकरी बसवून ठेवतात. यंत्र जागेवरून हलले, की ते त्याला कळते, आणि नव्या जागी वीज दिली तरी यंत्र कुलूप घालून बसते. निर्मात्याने नवा मालक कोण, जागा कोणती, काम कोणते याची खातरजमा करून कुलूप उघडून दिले, तरच ते चालते. गोदीतून सुटलेले, जकात भरलेले, शेडमध्ये बसवलेले, पण न चालणारे यंत्र, याहून महाग शोभेची वस्तू दुसरी नसेल. यावर उपाय एकच : यंत्राचा क्रमांक कळवून निर्मात्याच्या भारतातील कचेरीकडून ‘स्थलांतरानंतर आम्ही हे यंत्र चालू करून देऊ’ असे लेखी घ्यावे, आणि ते हाती आल्यावरच इसार द्यावा. देशातल्या देशात घेतलेल्या यंत्रालाही हेच लागू.

पुढचा हिशेब स्थलांतराचा. परदेशाहून जुने यंत्र आणताना जकातखाते विक्रेत्याच्या कागदावरची किंमत तशीच मानत नाही. सनदी अभियंत्याच्या अहवालावरून मूल्य ठरते. जपानमधले यंत्र तिथल्या दोनशे व्होल्टच्या विजेवर वाढलेले असते. आपल्याकडच्या चारशे पंधरा व्होल्टांसाठी त्याला ट्रान्स्फॉर्मर लागतो. यंत्राचे हलणारे भाग निर्मात्याच्या ठरलेल्या पट्ट्यांनी जखडल्याशिवाय उचलू नये, नाहीतर वाटेतला एकच धक्का बेअरिंगात कायमचा वस्तीला येतो. पाया, दाराची उंची, क्रेन आणि बेळगावच्या चार महिन्यांच्या पावसात कोरडी राहील अशी दाबाची हवा, यांची सोय आधी करावी. शिवाय हत्यारांच्या पकडी, संगणकावर मार्ग आखणारी आज्ञावली, त्या मार्गाचे याच यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा दुभाष्या आणि मुख्य म्हणजे हे सारे शिकायला घातलेला एक हुशार तरुण, एवढा खर्च यंत्राच्या किमतीच्या पलीकडचा असतो. निम्म्या किमतीचे यंत्र हा हिशेब मांडल्यावर कधी कधी निम्म्याचे उरत नाही. मांडून पाहिल्यावर तरीही परवडत असेल, तरच ते स्वस्त.

करारात एक कलम हटकून असावे. किमतीचा काही भाग यंत्र नव्या जागी उभे राहून, गोळ्याची तीच परीक्षा आणि तोच जॉब पुन्हा उतरल्यानंतरच द्यायचा. आणि किती मायक्रॉनपर्यंत चालेल हा आकडा कागदावर आधीच लिहायचा. ‘यंत्र सुस्थितीत आहे’ या वाक्याला न्यायालयात अर्थ सापडत नाही. ‘पंधरा मायक्रॉनच्या आत’ या वाक्याला सापडतो. लिलावात वा ‘जसे आहे तसे’ या बोलीवर घेतलेल्या यंत्रात हे कलम मिळत नाही. तिथे दुरुस्तीचा संभाव्य खर्च धरूनच बोली लावावी, आणि तो आकडा ओलांडला की हात खाली घ्यावा.

जुने यंत्र घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या गावोगावच्या कारखानदारीचा पाया जुन्या लेथांवर आणि हातांनी पुन्हा उभ्या केलेल्या यंत्रांवरच घातला गेला आहे. चांगल्या घरात वाढलेले, नीट जपलेले यंत्र निम्म्या मोलात मिळाले, तर लहान कारखान्याला मोठ्या कामाचे दार उघडते. फक्त आजवर मालक स्वतः यंत्राजवळ उभा असे. त्याची नजर आणि त्याचा हात यंत्राचे उणे भरून काढत. स्वयंचलित यंत्र घेताना तो नेमका आपला हात काढून घ्यायला निघालेला असतो. तेव्हा लोखंडाच्या वजनाइतकाच त्याने या यंत्रावर विसंबता येईल की नाही, याचा भाव करायला हवा.

यंत्र अखेर उद्यमबागेत येते. पाया भरतो, पातळी साधते, कुलूप उघडते, गोळ्याभोवतीचा काटा ठरलेल्या आकड्याच्या आत राहतो. पहिल्या रात्री पॅलेटे भरून कामगार घरी जातात. मामा सर्वांच्या मागे रेंगाळतात, एकदा दाराच्या काचेतून आत पाहतात आणि दिवा मालवतात. गहाणखत बँकेत असते, यंत्र अंधारात चालत असते. ज्याने आधी मोजून घेतले आहे, त्या मालकाला त्या रात्री झोप लागते.